अँटिबायोटिक्स पाठ करताना: नावावरून की कामाच्या जागेवरून?

कोल्हापुरात डी.फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) करत असाल आणि सीपीआर रुग्णालयाच्या आसपासच्या एखाद्या मेडिकलमध्ये ५०० तासांचं ट्रेनिंग तोंडावर आलं असेल, तर अँटिबायोटिक्स नावाच्या शेवटावरून पाठ करा. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला असाल, तर औषध जिवाणूच्या कुठल्या भागावर घाव घालतं तिथून सुरुवात करा.

नावाची पद्धत लवकर हाताशी येते. शेवटी 'सिलिन' म्हणजे पेनिसिलिन गट, 'पेनेम' म्हणजे कार्बापेनेम, 'फ्लॉक्सॅसिन' म्हणजे फ्लुरोक्विनोलोन. सुरुवातीला 'सेफ' असेल तर सेफॅलोस्पोरिन. चिठ्ठी वाचायला एवढ्यावर बरंच निभावतं. घोटाळा होतो 'मायसिन'पाशी: अझिथ्रोमायसिन मॅक्रोलाइड, स्ट्रेप्टोमायसिन अमिनोग्लायकोसाइड, क्लिंडामायसिन लिंकोसामाइड, व्हँकोमायसिन ग्लायकोपेप्टाइड. ही नावं गटासकट वेगळ्या पानावर लिहून घोकावीच लागतात. सेफॅलोस्पोरिनची पिढीही नावावरून कळत नाही. सेफॅड्रॉक्सिल पहिली, सेफ्युरोक्झिम दुसरी, सेफिक्झिम तिसरी. काउंटरवर हा फरक नडतो, कारण सेफिक्झिम शेड्यूल एच-१ मध्ये (विक्रीवर जास्त कडक नियम असलेल्या औषधांच्या यादीत) येतं आणि त्याची विक्री वेगळ्या रजिस्टरात नोंदवावी लागते. ब्रँडची नावं तर आणखी फसवी: टॅक्सिम इंजेक्शनात सेफोटॅक्झिम, टॅक्सिम-ओ गोळीत सेफिक्झिम.

कामाच्या जागेवरून शिकणं आधी जड जातं, पण डोक्यात पक्कं बसतं. पेशीभित्तिकेवर (जिवाणूच्या बाहेरच्या भिंतीवर) बीटा-लॅक्टम, म्हणजे पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम, आणि व्हँकोमायसिन. रायबोसोमच्या (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या) ३०एस भागावर अमिनोग्लायकोसाइड, टेट्रासायक्लिन. ५०एसवर मॅक्रोलाइड, क्लिंडामायसिन, लिनेझोलिड. डीएनए गायरेज या एन्झाइमवर फ्लुरोक्विनोलोन. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला भित्तिकाच नसते, म्हणून तिथे अमॉक्सिसिलिन फुकट जातं आणि अझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन लागतं. हे उत्तर घोकावं लागत नाही, आपसूक सुचतं.

मात्र ॲलर्जीचा प्रश्न आला की ही पद्धत चकवते. पेनिसिलिन आणि व्हँकोमायसिन दोन्ही भित्तिकेवर काम करतात, म्हणून पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याला व्हँकोमायसिनही चालणार नाही, असं मुलं लिहून येतात. साफ चूक. ॲलर्जी रेणूच्या रचनेशी बांधलेली असते आणि व्हँकोमायसिनमध्ये बीटा-लॅक्टम वलय नाही. उलट अशा पेशंटला गरजेनुसार तेच दिलं जातं.

दोन्ही पद्धतींत न येणारी एक गोष्ट वेगळी शिका. गंगावेशीत धारोष्ण दूध पिणाऱ्या पेशंटला सिप्रोफ्लॉक्सॅसिन देताना स्पष्ट सांगा: गोळी दुधाबरोबर नको, पाण्याबरोबर घ्या. कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते रक्तात कमी उतरतं. कॅल्शियमची गोळी किंवा अँटासिड चालू असेल, तर सिप्रो त्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर.