६७ ची मस्टँग ऑटोमॅटिकवरून मॅन्युअल करायचीय? आधी हे वाचा

१९६७ ची फोर्ड मस्टँग कूपे, २८९ घनइंचांचं इंजिन, टू-बॅरल (दोन तोंडांचा) कार्ब्युरेटर आणि मागे सी-४ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. अमेरिकेत हौसेनं जुनी मस्टँग घेणाऱ्याच्या पदरात बऱ्याचदा हीच पडते. गाडी देखणी, आवाज झकास, पण डाव्या पायाला काम नाही. पुण्या-नाशकात मारुती ८०० वर हाफ क्लच शिकलेल्या माणसाला ही चुटपुट जरा जास्तच लागते. मग सुरू होतो मॅन्युअल गिअरबॉक्सचा शोध: टॉपलोडर घ्यावा, टी-५ घ्यावा, टीकेएक्स घ्यावा की आहे तो सी-४ च बरा?

माझा कौल आधीच देऊन टाकतो. इंजिन मूळ अवस्थेत असेल तर टी-५. मात्र गिअरबॉक्सच्या जाहिराती बघण्याआधी गाडीखाली जाऊन मागचा एक्सल बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो, आणि बहुतेक जण नेमके तिथेच बघत नाहीत.

एक्सल किती आहे?

ऑटोमॅटिक मस्टँगला फोर्ड बहुधा २.८० किंवा ३.०० चा एक्सल द्यायची, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे तितके फेरे. टॉर्क कन्व्हर्टर गाडी उचलताना टॉर्क वाढवून देतो, त्यामुळे एवढा कमी रेशो खपून जातो. क्लचकडे अशी कुठली जादू नाही.

मोजायला पाच मिनिटं लागतात. साधं डिफरन्शियल असेल तर मागचं एक चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या, पुढच्या चाकांना अडण लावा आणि गाडी न्यूट्रलला ठेवा. प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा. उचललेलं चाक पूर्ण दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. बरोबर तीन आले तर ३.००, साडेतीनच्या किंचित पुढे गेले तर ३.५५.

आता हिशोब. ताशी मैल गुणिले एक्सल गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचातला व्यास. आलेल्या आकड्याला शेवटी टॉप गिअरच्या रेशोनं गुणायचं, की इंजिनाचा आरपीएम मिळतो. टायर २५.७ इंचांचा धरला तर ताशी ७० मैलांना ३.०० च्या एक्सलवर, १.०० च्या टॉप गिअरमध्ये इंजिन सुमारे २,७५० वर फिरतं. एक्सल ३.५५ केला तर ३,२५० वर. हायवेला तासभर हे ऐकत बसायचं म्हणजे डोकं उठतं. त्याच ३.५५ ला ०.६८ चा पाचवा गिअर जोडला की आकडा २,२०० वर येतो. उलट ३.०० चा एक्सल तसाच ठेवून ०.६३ चा पाचवा लावलात तर १,७३० च्या आसपास; म्हणजे चढ आला की इंजिन गुदमरणार आणि तुम्ही पुन्हा चौथ्यात. मग पाचव्या गिअरसाठी एवढा खर्च कशाला केला?

यात सुख एवढंच की या गाडीत ८ इंची एक्सल असतो आणि त्याचा मधला डिफरन्शियलचा गोळा पुढून अख्खा काढता येतो. दुसऱ्या रेशोचा तयार गोळा आणून बसवणं हे एका शनिवारचं काम आहे.

टॉपलोडर की टी-५

खरी लढत या दोघांत. टॉपलोडर हा फोर्डचा १९६४ पासूनचा चार गिअरचा बॉक्स. झाकण वरच्या बाजूला, बाकी सगळं अंग बिडाचं. ४२७ आणि ४२८ सारखी दांडगी इंजिनं त्याच्या जिवावर चालली, त्यामुळे तुमचं २८९ त्याला काही करू शकत नाही. गाडी फॅक्टरीतून निघाली तशीच दिसावी असा तुमचा आग्रह असेल तर विषयच संपला, हाच घ्या. लांब दांड्यांचं लिंकेज, गिअर पडतानाचा तो खटका, खालून येणारी गिअर ऑइलची ऊब... ज्याला हे हवंय त्याला टी-५ देऊन समाधान होणार नाही.

पण रेशो बघून घ्या. वाइड रेशोचा पहिला गिअर २.७८, क्लोज रेशोचा २.३२. जुन्या सुट्या भागांच्या जत्रेतल्या स्टॉलवर स्वस्तात मिळाला म्हणून क्लोज रेशो उचललात आणि मागे ३.०० चा एक्सल असला, तर पहिल्यात एकूण रेशो (गिअर गुणिले एक्सल) सातच्याही खाली राहतो. दर सिग्नलला क्लच घसरवत निघावं लागेल, आणि उतारावरच्या पार्किंगमधून रिव्हर्स घेताना लायनिंगचा वास केबिनमध्ये येईल. आणि टॉपलोडरला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे १.०० च्या खालचा टॉप गिअर, नाही. एक्सल खालच्या वेगासाठी लावा किंवा हायवेसाठी. दोन्ही एकदम मिळत नाही.

टी-५ हे दोन्ही देतो. १९८५ ते ८९ च्या ५.० लिटर मस्टँगमधला ‘वर्ल्ड क्लास’ जातीचा टी-५ म्हणजे पहिला ३.३५ आणि पाचवा ०.६८. ३.०० च्या एक्सलवरही तो पहिल्यात १०.०५ देतो, म्हणजे गाडी अलगद उचलते आणि एक्सलचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलता येतो. वजनाला टॉपलोडरपेक्षा हलका, टनेल (गाडीच्या तळाचा मधला उंचवटा) कापावा लागत नाही, आणि मागच्या टोकाला २८ स्प्लाइन (खाचा) असल्यामुळे सी-४ चाच योक (प्रोपेलर शाफ्टचं पुढचं टोक) त्यात जातो. शाफ्टची लांबी मात्र बॉक्स बसल्यावर मोजूनच ठरवा.

ताकदीचं काय? जुन्या टी-५ ला २६५ पाउंड-फूट टॉर्क मानतात, १९९० ते ९३ च्या बॉक्सला ३००, आणि नव्या झेड-स्पेकला ३३०. तुमच्या टू-बॅरल २८९ चा आकडा २८२, तोही त्या काळच्या उदार ग्रॉस (जोडसामान काढून केलेल्या) मोजणीचा. नीट चालवणाऱ्याच्या हातात प्रश्न येत नाही. चिकट टायर लावून ड्रॅग स्ट्रिपवर ५,००० आरपीएमला क्लच सोडणाऱ्यानं मात्र या बॉक्सच्या वाटेला जाऊ नये. ॲल्युमिनियमचं अंग वाकतं आणि तिसरा गिअर दात टाकतो.

जुना टी-५ घेताना दोन ठिकाणी लोक फसतात. १९९४-९५ च्या बॉक्सचा इनपुट शाफ्ट लांब असतो, तो तुमच्या बेल हाउसिंगशी (इंजिन आणि बॉक्स यांमधल्या घंटेसारख्या आवरणाशी) जुळणार नाही. आणि विकणारा ‘सगळा सेट देतो’ म्हणून फ्लायव्हीलही गळ्यात मारतो. ५.० चा फ्लायव्हील ५० औंस इंबॅलन्सचा (मुद्दाम ठेवलेल्या असमतोलाचा), तुमच्या २८९ ला हवा २८ औंसचा. चुकीचा लावलात तर गाडी अशी थरथरते की लोक आधी इंजिन माउंट बदलतात, मग शाफ्ट बॅलन्स करून आणतात, आणि खरं कारण सगळ्यात शेवटी सापडतं. आणखी एक: वर्ल्ड क्लास टी-५ मध्ये ऑटोमॅटिकचं पातळ ऑइल, म्हणजे एटीएफ पडतं. टॉपलोडरसारखं जाड ऑइल ओतू नका.

टीकेएक्स आणि टी-५६ मॅग्नम

इंजिन ३४७ घनइंचांपर्यंत वाढवलंय किंवा वाढवायचा पक्का बेत आहे, तर टीकेएक्स. ट्रेमेक या गिअरबॉक्स कंपनीनं तो २०२० मध्ये जुन्या टीकेओच्या जागी आणला. ६०० पाउंड-फूट झेलतो, आणि वरचा भाग आटोपशीर असल्यानं जुन्या गाड्यांत कापाकापी कमी लागते. नुसत्या बॉक्सला तीन हजार डॉलरच्या वर पडतात आणि किटसकट आकडा पाच हजारांपलीकडे जातो. साध्या २८९ मागे तो लावणं चैन आहे. ऐपत असेल तर माझी ना नाही.

सहा गिअरचा टी-५६ मॅग्नम या गाडीत घालायचा तर टनेल कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. मी नाही करणार.

पेडल, लिंकेज आणि बेल हाउसिंग

कुठलाही बॉक्स घ्या, हे काम टळत नाही. ऑटोमॅटिकचं रुंद ब्रेक पेडल काढून पेडलची अख्खी चौकट बदलायची, म्हणजे डॅशखाली उताणं पडून दिवस घालवायचा. चौकट बाहेर आलीच आहे तर प्लास्टिकच्या बुशऐवजी रोलर बेअरिंग बसवून घ्या.

क्लच ओढण्याचे तीन मार्ग आहेत. मूळ झेड बार (पेडलचा जोर क्लचपर्यंत नेणारा आडवा दांडा) दणकट आणि घरी दुरुस्त होणारा, पण हेडर्स (सुट्या नळ्यांचे एक्झॉस्ट) लावलेले असतील तर पाइप नेमके त्याच्या वाटेत येतात. केबल स्वस्त, पण ती ज्या फायरवॉलला टेकते तो पत्रा प्रत्येक दाबाला लवतो. आतून जाड पट्टी मारली नाही तर पुढेमागे तडा जातो. हायड्रॉलिक पायाला सर्वांत मऊ. त्याचं बेअरिंग बेल हाउसिंगच्या आत असलं आणि गळलं, तर गिअरबॉक्स पुन्हा खाली. फॅक्टरीचेच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतील तर मी झेड बारच ठेवीन. अडॅप्टर प्लेट घेऊन टी-५ जुन्या धाटणीच्या बेल हाउसिंगवरही बसतो. प्रेशर प्लेट डायाफ्रामची घ्या, जुन्या तीन बोटांच्या प्लेटपेक्षा पायाला हलकी पडते.

मेकॅनिकला एकच गोष्ट बजावून सांगा: बेल हाउसिंग लावल्यावर डायल इंडिकेटर फिरवून बघ. एका पूर्ण फेऱ्यात काटा ०.००५ इंचांपेक्षा जास्त हलला तर ऑफसेट डॉवेल (मध्य सरकवणारी पिन) घालून ते मध्यावर आणावं लागतं. ‘आम्ही इतकी वर्षं न मोजताच बसवतो’ असं उत्तर आलं तर गाडी दुसरीकडे न्या. दुसऱ्या-तिसऱ्यात अडखळणारा नवाकोरा बॉक्स पुष्कळदा याच दुर्लक्षाचा बळी असतो.

न बदलण्याच्या बाजूनं

डेट्रॉइटजवळ राहत असाल आणि गाडीची मुख्य हौस म्हणजे ऑगस्टमधली वुडवर्ड ड्रीम क्रूझ असेल, तर सी-४ ला हात लावू नका. तिथे तासन्‌तास गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, आणि क्लचवर डावा गुडघा बोलायला लागतो. फक्त हायवेचा आरपीएम खटकत असेल तर एओडी हा चार गिअरचा ऑटोमॅटिक आहे, टॉप ०.६७. पेडलचा सगळा कुटाणा वाचतो. त्याची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल मात्र जाणकाराकडूनच लावून घ्या. सेटिंग चुकलं तर बॉक्स थोड्याच दिवसांत जळतो.

किमतीची भीती घालणारे भेटतील. दुर्मीळ गाडी असेल तर ते खरंही आहे. दारावरच्या पट्टीवर ट्रान्समिशनच्या रकान्यात ‘डब्ल्यू’ म्हणजे सी-४, ‘५’ म्हणजे चार गिअरचा मॅन्युअल. त्यामुळे टॉपलोडर लावून ‘ओरिजिनल’ म्हणून विकता येणार नाही, आणि विकूही नये. साध्या टू-बॅरल कूपेला मात्र पाच गिअरवाला गिऱ्हाईक आनंदानं मिळतो. काढलेला सी-४ तोंडं बंद करून गॅरेजमध्ये ठेवा, पुढच्या मालकाला उपयोगी पडेल.

गाडी पहिल्यांदा सुरू करण्याआधी दोन गोष्टी बघा. सी-४ च्या मॉड्युलेटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी मॅनिफोल्डवर उघडी राहिली असेल तर तिला टोपी लावा, नाहीतर आयडलिंग डुगडुगेल आणि दोष कार्ब्युरेटरला जाईल. आणि न्यूट्रल सेफ्टी स्विचच्या वायरी नुसत्या पिळून जोडू नका. त्या क्लच पेडलच्या स्विचवर घ्या, म्हणजे गिअरमध्ये उभी असलेली गाडी किल्ली फिरवताच गॅरेजच्या भिंतीवर जाणार नाही.