एक्स्चेंजमध्ये ट्रक घेताना माझे १०,२०,३५० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

कोऱ्या २९-३० वर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या आरटीओच्या फॉर्मांवर, सही करून आपली गाडी कुणाच्या ताब्यात देऊ नका. भाऊबंद असो, ओळखीचा असो, गावातला पुढारी असो, देऊ नका. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी डोक्यात ठेवा.

एचपी (हायपोथिकेशन, म्हणजे गाडीच्या कागदावरची फायनान्सच्या कर्जाची नोंद), खोटी एनओसी (ना-हरकत दाखला), बनावट शिक्के हे प्रकार लायनीवरच्या प्रत्येकाला माहीत आहेत, म्हणून ते समजावत बसत नाही. मलाही माहीत होते. वडिलांपासून आमच्या घरात गाडी आहे, कागद कसा बघायचा हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही फसवलं. म्हणून "आपण हुशार आहोत, आपल्याला कोण फसवतंय" असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय.

माझी गाडी २००९ मॉडेलची टाटा सोळा-तेरा ट्रक, चिकोडीचं केए २३ पासिंग. सीझनला ऊस, एरवी निपाणीची तंबाखू, खानापूरची वीट, मिळेल तो माल. पावसाळ्यात ती निळा धूर मारायला लागली, ऑइल पिऊ लागली. चढाला तिसऱ्या गिअरवर मान टाकायची. बेळगावच्या ऑटोनगरातल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी गाडी बघून एस्टिमेट लिहून दिलं : इंजिन पूर्ण खोलून लायनर-पिस्टन, उद्यमबागेत क्रँक ग्राइंड, पंप-नोझल धरून १,२८,०००. किंगपिन आणि ब्रेकचं काम ३४,५००. हौद्याच्या फळ्या आणि फाळके ७२,०००. केबिनचा पत्रा आणि रंग ४६,०००. मागचे टायर ६२,०००. एकूण ३,४२,५००. मिस्त्री म्हणाले, "मालक, चेसिसला कुठं क्रॅक नाही, क्राऊन-पिनियन आवाज करत नाही. खर्च घाला, पाच-सहा सीझन मागं वळून बघायला नको."

आता जो तो मला म्हणतो, मिस्त्रींचं ऐकायचं होतं. त्यांना एवढंच विचारतो, कारखान्याशी करार झालेला, ऊसतोडीच्या टोळीला आगाऊ उचल दिलेली, गाळप दारात येऊन ठेपलेलं, आणि गाडीचं इंजिन महिनाभर टेबलावर उघडं पडणार. टोळी काय थांबून राहते? दुसऱ्याच्या गाडीत ऊस भरला की आपली उचल बुडाली. त्या वेळी एक्स्चेंज करणं हाच सरळ हिशेब होता आणि कुठलाही वाहतूकदार तोच करेल.

त्यात पंधरा वर्षांची भीती घातली. कोगनोळीच्या पलीकडं, महाराष्ट्राच्या हद्दीत, हायवेला लागून जुन्या गाड्यांचं यार्ड. नाव इथं लिहीत नाही, वकिलांनी सांगितलंय. तिथला माणूस म्हणाला, "सावकार, पंधरा वर्षांवरच्या गाड्या सरकार भंगारात घालणार. आज तीन-साडेतीन लाख येतात, पुढच्या वर्षी किलोवर जाईल." ही हूल आपल्या भागात सर्रास उठवली जाते, म्हणून नीट वाचा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरची नोंदणी रद्द होते ती सरकारी गाड्यांची. आपल्यासारख्यांचा खासगी मालट्रक एफसीत (फिटनेस तपासणीत) पास झाला तर चालतो. दिल्लीच्या भागातला दहा वर्षांचा डिझेलचा नियम इथं नाही. फी वाढलीय, हे खरं. पण फी वाढली म्हणून चांगल्या चेसिसची गाडी भंगाराच्या भावानं कुणी मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

त्यानं दाखवलेली गाडी २०१६ ची, एमएच पासिंग. किंमत ९,८५,०००. माझी गाडी ३,६०,००० ला धरली. वरचे द्यायचे ६,२५,०००. इंजिनचा आवाज स्वच्छ, कमानपाटे नवे, टायर सत्तर टक्के. ट्रायलला मीच चालवली. गाडीत खोट नव्हतीच. खोट कागदात होती.

आणि आता ती जागा, जी मला रात्री झोपू देत नाही.

डाव्या दारावर, खिडकीच्या खाली, टीचभर उंचीचा एक चौकोन नव्यानं रंगवलेला होता. बाकी केबिनचा पिवळा रंग उन्हानं मळलेला, आणि तेवढा पट्टा लखलखीत. मी सहज त्यावरून बोट फिरवलं. रंगाच्या खाली अक्षरं लागली. जुन्या रंगाच्या कडा बोटाला स्पष्ट लागत होत्या, एका ओळीखाली दुसरी ओळ. आपल्या गाड्यांच्या दारावर फायनान्स कंपनीचं नाव कुठं लिहितात हे सांगायला नको. मी विचारलं, "इथं काय होतं?" तो म्हणाला, "आधीच्या मालकाचं नाव, सावकार. नवीन मालकाला जुनं नाव कशाला?" आणि लगेच टेबलाकडं वळून पस्तीस नंबरचा फॉर्म काढून पुढं ठेवला. फायनान्सचं कर्ज फिटलं, एचपी काढा, असं लिहिलेला. दोन्ही प्रतींवर शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. मी परिवहनच्या अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला होता, हायपोथिकेशनच्या रकान्यात फायनान्स कंपनीचं नाव दिसत होतं. तेही मी त्याला विचारलं. "पस्तीस अजून ऑनलाइन चढवायचा आहे, आठ दिवसांत निघतंय," म्हणाला. आता सांगा, एचपी निघायला वेळ लागतो हे खोटं आहे का? आपल्या सगळ्यांच्याच गाड्यांना लागलाय. हातात शिक्क्याचा कागद असताना समोरच्याला तोंडावर चोर कोण म्हणतं?

पण त्या कागदाचा फोटो त्यानं काढू दिला नाही. "झेरॉक्स देतो की, घाई काय?" झेरॉक्स मिळाली ती पैसे पोचल्यावर, आणि तीही अशी काळी की शिक्का वाचता येईना. जो माणूस कागदाचा फोटो काढू देत नाही त्याच्या यार्डातून तिथल्या तिथं उठून या. पस्तीस नंबर दाखवला तर त्यावरचा फोन लावू नका, तो फोनही त्यांचाच असतो. फायनान्स कंपनीच्या शाखेत स्वतः जा, चेसिस नंबर द्या आणि थकबाकी लेखी मागा. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची अठ्ठावीस नंबरची एनओसी ऑनलाइन दिसल्याशिवाय टोकनच्या पलीकडं एक रुपया देऊ नका. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सच्या संमतीशिवाय अठ्ठावीस निघत नाही. मला तो म्हणाला, "अठ्ठावीस मागाहून, आधी सीझन धरा."

पैसे असे गेले : टोकन ५१,००० रोख. आरटीजीएस ३,७४,०००. गाडी नेताना रोख २,००,०००. यातले २,१०,००० सोसायटीत घरचं सोनं ठेवून काढलेले. आपल्याकडं जुन्या गाडीच्या व्यवहारात निम्मे पैसे रोख मागतात, तसे त्यानंही मागितले. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्यावर रोख घेणं प्राप्तिकर कायद्याला चालत नाही आणि दंड घेणाऱ्याला असतो. तरी ठाण्यात झापलं मला, की रोख दिलेच कशाला. रोख मागितले तर सरळ नाही म्हणा, तेवढ्यानंच निम्मे चोर गळतात. घरी आणल्यावर बॅटरी ११,८००, सर्व्हिस ९,३५०, ताडपत्री आणि दोर १४,२००. त्याच दिवशी माझी सोळा-तेरा त्याच्या यार्डात लागली आणि तिचे २९-३० मी सही करून दिले. खरेदीदाराचं नाव कोरं. "गिऱ्हाईक ठरलं की भरतो," म्हणाला. तिचे ३,६०,००० धरून सगळे मिळून गेले १०,२०,३५०.

गाळप सुरू होऊन पंधरवडा झाला असेल. हत्तरगी टोलच्या अलीकडं जीप आडवी घालून चौघांनी गाडी थांबवली. वसुलीवाले. मूळ कर्जदार सांगली बाजूचा, थकबाकी ६,३८,०००. माझा ड्रायव्हर उसासकट रस्त्यावर. ऊस दुसऱ्या गाडीत भरून कारखान्यात पोचवेपर्यंत संध्याकाळ झाली आणि गाडी ओढून नेली. फायनान्सच्या शाखेत पस्तीस नंबरची झेरॉक्स दाखवली तर मॅनेजरनं नुसतं बघून सांगितलं, "हा शिक्का आमचा नाही." यार्डातला फोन त्या दिवसापासून बंद. आठवड्यानं जाऊन बघितलं तर फाटकाला दुसराच बोर्ड, आणि आत दुसराच माणूस "आम्ही जागा भाड्यानं घेतलीय" म्हणतोय.

एवढ्यावर भागलं असतं तरी सोसलं असतं. मोबाईलवर मेसेज आला, ओव्हरलोडचं चलन २६,०००. गाडी कुठली? माझीच सोळा-तेरा, महाराष्ट्रात कुठं तरी पळतेय. तीन टन जादा भरला होता म्हणजे २०,००० अधिक टनाला २,००० प्रमाणे ६,०००. आरसीवर नाव माझं, म्हणून दंड माझ्या नावावर. उद्या तिनं कुणाला उडवलं तर? सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्येच सांगितलंय की विकली तरी कागदावर ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्याच्याकडूनच. ही धास्ती पैशांहून मोठी आहे. रोज रात्री फोन वाजला की घरात सगळे माझ्या तोंडाकडं बघतात.

आता आपल्या सरकारी माणसांचं ऐका. आमच्या बाजूच्या ठाण्यात गेलो. मराठीत लिहिलेला अर्ज हातात घेऊन परत दिला, "कन्नडदल्ली बरकोंड बर्री", म्हणजे कन्नडमध्ये लिहून आणा. पैसे देऊन कन्नडमध्ये टाइप करून नेला. मग म्हणाले, व्यवहार महाराष्ट्रात झाला, तिकडं जा. तिकडच्या ठाण्यात गेलो. ते म्हणाले, पैसे तुमच्या कर्नाटकातल्या बँकेतून गेले, गाडी हुक्केरी तालुक्यात धरली, तिकडं द्या. परत इकडं. आता "साहेब बंदोबस्ताला आहेत, नाळे बर्री", म्हणजे उद्या या. शेवटी जो साहेब भेटला त्यानं ऐकूनही न घेता निकाल दिला, "हे सिव्हिल मॅटर आहे." खोटा शिक्का मारून सहा लाख पंचवीस हजार लुटले, माणसाची गाडी पळवली, आणि हे दिवाणी! आरटीओत गेलो की बाबांनो माझ्या नावावरची गाडी ब्लॅकलिस्टला टाका, तर म्हणाले एफआयआर आणा. ठाण्यात म्हणतात, आरटीओचं पत्र आणा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो लागेल तेव्हा लागेल. पण चोराला दोन्ही राज्यं मोकळी आणि लुटलेल्याला दोन्हीकडं दार बंद, हे आम्ही किती दिवस सोसायचं? निवडणुकीत सीमाभागाच्या नावानं गळा काढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या एकाही पुढाऱ्यानं माझ्यासाठी ठाण्यात साधा फोन केला नाही.

हद्दीचं कारण सांगून परत पाठवणं कायद्यात बसत नाही, हे मला वकिलाकडं गेल्यावर कळलं. १ जुलै २०२४ पासून जी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यानं तक्रार लिहून घ्यायची असते. झिरो एफआयआर म्हणतात त्याला. फसवणुकीचं कलम न्याय संहितेतलं ३१८(४), सात वर्षांपर्यंत शिक्षा. तक्रार न घेता हाकलून देता येत नाही. ठाण्यानं घेतलं नाही तर जिल्ह्याच्या एसपींना रजिस्टर पोस्टानं पाठवा, पोचपावती जपून ठेवा. त्यावरही हालचाल नाही झाली तर कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडं, प्रतिज्ञापत्र जोडून. हे मी सगळं केलंय. तोंडी बोलण्यात माझे जे दिवस गेले ते तुम्ही घालवू नका, पहिल्या दिवसापासून लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागा.

ग्राहक आयोगातही तक्रार टाकलीय. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, यार्ड पलीकडच्या राज्यात असलं तरी. समोरचे "ट्रक धंद्यासाठी घेतला, हा ग्राहक नव्हे" म्हणणारच. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली गाडी त्यात बसते, म्हणून अर्जात पहिल्याच परिच्छेदात हे लिहा : एकच गाडी, घर तिच्यावर चालतं.

आरटीओला मी गाडी ताब्यात नसल्याचं लेखी कळवलंय, तारीख आणि चलनाची प्रत जोडून. गाडी विकली की नाव लागेपर्यंत वाट बघू नका. विकणाऱ्यानं स्वतः कळवायचं असतं, राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत. सोबत गाडी ताब्यात घेतल्याची पावती घ्या, तारीख आणि वेळ घालून, घेणाऱ्याच्या सहीची, आधारच्या प्रतीसकट.

मॅजिस्ट्रेटपुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्याच यार्डात निपाणी, चिकोडी, कागल बाजूच्या आणखी काही जणांचे पैसे अडकल्याचं कानावर आलंय. तुम्ही त्यातले असाल तर आरटीजीएसचा बँक उतारा, झेरॉक्स, यार्डातले फोटो, मोबाईलवरचे मेसेज काढून ठेवा आणि तारखेच्या आधी आपापली लेखी तक्रार एसपींकडं पोचवा. एकेकटे गेलो तर प्रत्येकाला दिवाणी म्हणून परत पाठवतात. आणि कुणी २००९ ची केए २३ पासिंगची सोळा-तेरा स्वस्तात देत असेल, कागद "मागाहून" म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी आरसीवरच्या मालकाला स्वतः गाठा. तो मी असलो तर ती गाडी मी विकलेली नाही.