जिनिंगमध्ये डायनॅमिक डीएनएस अपडेट: एका हंगामाचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या जिनिंगमध्ये बावीस संगणक आहेत. मागच्या दसऱ्याआधी विंडोज सर्व्हरवर डायनॅमिक अपडेटच्या, म्हणजे संगणकाने आपलं नाव-पत्ता स्वतःच नोंदवायच्या, पॉलिसी लावल्या आणि कापसाचा अख्खा हंगाम त्यावर काढला.

आधी डीएनएसमधली, म्हणजे नावावरून मशीनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) सांगणाऱ्या यादीतली, नावं हाताने टाकलेली होती. लाइट गेली की राउटर वाटलेले आयपी विसरायचा, मग वजनकाट्याच्या मशीनला, म्हणजे तिथल्या संगणकाला, नवा आयपी मिळायचा आणि डीएनएसमध्ये जुनाच राहायचा. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आणि काट्यावरचा पोरगा धावत यायचा, "भाऊ, वजन ऑफिसात जाऊन नाही राहिलं!"

आता डीएचसीपी, म्हणजे आयपी वाटण्याचं काम, सर्व्हरवरच आहे. झोन, म्हणजे आपल्या नावांची डीएनएस यादी, अॅक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनमधल्या, म्हणजे आपल्या ऑफिसच्या नेटवर्कातल्या, खात्यांच्या नोंदवहीत) ठेवून 'सिक्युअर ओन्ली' (फक्त ओळख पटलेल्या मशीनचीच नोंद घ्यायची) निवडलं. हे मला सगळ्यात पटलं, कारण नाहीतर कोणाचाही लॅपटॉप काट्याच्या नावावर स्वतःचा आयपी नोंदवू शकतो. ग्रुप पॉलिसीत (सगळ्या मशीनना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये) डीएनएस क्लायंटखाली 'डायनॅमिक अपडेट' चालू केलं. तरी पाच मशीन नोंदच करेनात. त्यांच्यात डीएनएस म्हणून राउटरचा पत्ता होता, आणि आपलं डोमेन राउटरला कुठून माहीत असणार? डोमेनमधल्या मशीनला डीएनएस फक्त आपल्या सर्व्हरचाच द्या. पर्यायी डीएनएसच्या दुसऱ्या रकान्यातही बाहेरचा नको.

मॅनेजरसाहेबांच्या लॅपटॉपला केबल आणि वायफाय दोन्ही, म्हणून एका नावावर दोन पत्ते दिसायचे. वायफायच्या टीसीपी/आयपी सेटिंगमध्ये 'हे कनेक्शन डीएनएसमध्ये नोंदवा' यावरची खूण काढली, तेव्हा थांबलं.

खरा फटका जानेवारीत बसला. काट्याची एक मशीन जळाली. नवी बसवताना मी त्या मशीनचं डोमेनमधलं जुनं खातं पुसलं आणि तेच नाव परत दिलं. मशीन डोमेनमध्ये आली, पण नाव जुन्याच आयपीवर. सिक्युअर अपडेटमध्ये नोंदीची मालकी ती करणाऱ्या खात्याकडे असते. नाव तेच असलं तरी नवं खातं सर्व्हरच्या लेखी परकंच. शेवटी ती ए नोंद (नाव-आयपीची जोडी) हाताने पुसली, नव्या मशीनवर 'आयपीकॉन्फिग /रजिस्टरडीएनएस' हा नोंद करायला लावणारा आदेश चालवला आणि रिफ्रेश केल्यावर नवा आयपी आला. दोन तास वजनं कागदावर लिहिली, शेतकरी उन्हात ताटकळले. त्याचं मला फार वाईट वाटलं. खातं पुसण्याऐवजी रिसेट केलं असतं तर ही वेळच आली नसती.

जुन्या नोंदींची सफाई, म्हणजे स्कॅव्हेंजिंग, आपोआप होत नाही. ती झोनवर आणि सर्व्हरवर, दोन्हीकडे चालू करावी लागते. चौदा दिवस ताजी न झालेली नोंदच जुनी धरायची, ही सात अधिक सात दिवसांची मूळ मुदत मी तशीच ठेवली. मशीन साधारण दर 24 तासांनी नोंद ताजी करते, त्यामुळे चालू मशीनला धोका नाही. प्रिंटरच्या नोंदी हाताने टाकलेल्या असल्याने त्यांना सफाई हात लावत नाही. पण हंगाम संपल्यावर महिनाभर बंद राहिलेल्या मशीनची नोंद जाते. ती मशीन चालू झाली की परत येते, हे मे महिन्यात दोनदा पाहिलं.

येत्या हंगामाआधी दोन्ही काट्यांना डीएचसीपीत आयपी राखून ठेवणार आहे.