फोमचं, दोन मीटर पंखांचं, रिमोटवरचं ग्लायडर: दिवाळी ते आषाढ, आणि ते झाकण

मोटर, सर्व्हो (शेपटीच्या, पंखाच्या पट्ट्या हलवणारी छोटी मोटर), तीन सेलची बॅटरी यावर पुष्कळांनी लिहून ठेवलंय, ते परत उगाळत नाही. मला बोलायचंय बॅटरीवरच्या काळ्या झाकणाबद्दल. ते धरायला कंपनीनं एकच चुंबक दिलंय, शर्टाच्या बटणाएवढं. एवढे पैसे मोजून एक चुंबक!

हिवाळ्यात काही जाणवलं नाही. सकाळच्या शांत हवेत हरभऱ्याच्या रानावर मोटरनं वर न्यायचं, मोटर बंद केली की पंख्याची पाती दुमडतात, मग निवांत तरंगत बसायचं. हे हलकं विमान, वाऱ्यात याचं काम नाही, असंच मी सगळ्यांना सांगायचो. आषाढात ते मत बदललं.

पाटोद्याकडं बालाघाटाच्या माळावर पश्चिमेला तोंड करून एक धार आहे. लांबच्या पवनचक्क्या गरगरताना दिसल्या की गाडी तिकडं वळवायची. त्या रविवारी वारा मोजायचा मीटर ताशी 35 किलोमीटर दाखवत होता. अशा वेळी मोटर लागत नाही. उताराला धडकलेला वारा वर चढतो, त्या पट्ट्यात विमान धरून ठेवायचं. बाकीच्यांची मस्त येरझाऱ्या घालत होती. माझं जागेवर उभं, उलट हळूहळू मागं सरकायलं. धारेच्या मागं गेलं की खेळ खलास, तिथं हवा खाली आपटते.

कसंबसं उतरवलं. लातूरचा पोरगा म्हणाला, "सर, वजन टाका की त्यात." चाकं बॅलन्स करायची शिशाची वजनं त्यानं टायरवाल्याकडून आणली होती. बरोबर सीजीवर, म्हणजे विमानाचा तोल साधतो त्या जागी, 200 ग्रॅम चिकटवलं. वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणं वाढतो, म्हणजे किलोभराच्या विमानाला 20 टक्के वजन घातलं तर वेग जेमतेम 10 टक्के जास्त. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तेवढ्यानं ते वाऱ्यात असं घुसलं की मी रिमोट घेऊन हसतच सुटलो. शांत हवेत हेच वजन खाली ओढतं, तेव्हा काढून ठेवायचं.

मग हौसेनं एक सूर मारला आणि मागून ओरड आली, "सर, झाकण गेलं!" गेलं ते थेट खालच्या घायपातीत. दोन तास शोधलं, नाही सापडलं.

विक्रेता म्हणे, सुटं झाकण मिळत नाही, पूर्ण बॉडी घ्या. वॉरंटीचं विचारलं तर "क्रॅश वॉरंटीत बसत नाही." अहो, क्रॅश झालाच नाही! विमान धडधाकट उतरलंय, फोटो पाठवले. त्यावर परत तेच उत्तर. शेवटी पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक कापलं, वर सायकलच्या ट्यूबचा काप ओढून बसवला. खर्च शून्य. तेव्हापासून हललेलं नाही.

उडायला पाचपैकी साडेचार, झाकणाला शून्य. पंखाचा फोम ईपीओ जातीचा, चिवट आहे, बाभळीत अडकून तुटला तरी फेविक्विकनं जुळतो. थर्माकोलसारखा विरघळत नाही. घेणार असाल तर बॅटरीला आतून वेल्क्रोचा वेगळा पट्टा मारा. झाकणापाठोपाठ ती गेली तर विमानही गेलं.