मागितलेला क्लॉक आणि मिळालेला क्लॉक: लिनक्स ड्रायव्हरमधल्या बस-वेगाचा आठ महिन्यांचा अनुभव

लिनक्समध्ये एसपीआय आणि आयटूसी (प्रोसेसरला सेन्सरसारख्या चिप जोडणाऱ्या बस) यांचा वेग, म्हणजे क्लॉकचा दर, ठरवण्याची पद्धत आठ महिने रोज वापरल्यानंतरचं मत असं: व्यवस्था भरवशाची आहे, पण डिव्हाइस ट्रीतला (बोर्डवरच्या हार्डवेअरचं वर्णन कर्नलला देणाऱ्या फाइलमधला) आकडा म्हणजे फक्त कमाल मर्यादा. तारेवर प्रत्यक्ष काय धावतंय ते मोजल्याशिवाय बोर्ड पुढे पाठवू नये.

एसपीआय कंट्रोलर (प्रोसेसरमधला बस चालवणारा भाग) मूळ क्लॉकला भागून वेग देतो, आणि हवा तो भाजक मिळत नाही. एसटीएम३२एफ४ या मायक्रोकंट्रोलरवर भाजक २, ४, ८ असे दुपटीने २५६ पर्यंत जातात. मूळ क्लॉक ८४ मेगाहर्ट्झ असेल तर ४२, २१, १०.५ आणि पुढे निम्मे-निम्मे एवढेच पर्याय. २० मागितले की १०.५ मिळतात, म्हणजे जवळपास निम्मे! रास्पबेरी पायच्या बीसीएम२८३५ या चिपचा ड्रायव्हर सम भाजक घेतो, त्यामुळे २५० मेगाहर्ट्झच्या कोअर क्लॉकवर २० मागितल्यास भाजक १४ आणि वेग १७.८६. मिळालेला वेग ट्रान्सफरच्या (डेटाच्या एका देवाणघेवाणीच्या) ‘इफेक्टिव्ह स्पीड’ या फील्डमध्ये वाचता येतो. तिथे शून्य दिसलं तर ड्रायव्हरने तो भरलेलाच नाही. मग लॉजिक अ‍ॅनालायझर (तारांवरचे सिग्नल नोंदवणारं उपकरण) लावा.

सर्वांत आवडलेली सोय म्हणजे प्रत्येक ट्रान्सफरला वेगळा वेग देता येतो. एमपीयू-६००० हा हालचाल मोजणारा सेन्सर घ्या. त्याची सगळी रजिस्टरं १ मेगाहर्ट्झपर्यंतच चालतात, पण सेन्सरची आणि इंटरप्टची रजिस्टरं २० मेगाहर्ट्झने वाचता येतात. डिव्हाइस ट्रीत २० मेगाहर्ट्झ लिहायचे आणि कॉन्फिगरेशनच्या ट्रान्सफरला १० लाख हर्ट्झ द्यायचे. एक सावधगिरी मात्र हवी. नव्या कर्नलमध्ये डिव्हाइस ट्रीतली कमाल वेगाची ओळ विसरली तर एरर येत नाही, कंट्रोलरचा कमाल वेग लागू होतो. चिप गप्प बसली की आधी ती ओळ तपासा.

वेग जास्त झाला की लिहिणं बहुधा चालू राहतं, वाचणं आधी बिघडतं. कारण क्लॉक चिपपर्यंत जातो, मग चिप डेटा बाहेर काढते, मग तो परत येतो. २० मेगाहर्ट्झला अर्धा आवर्तकाल २५ नॅनोसेकंदांचाच, आणि मध्ये लेव्हल शिफ्टर (सिग्नलचं व्होल्टेज बदलणारी चिप) असेल तर तो लगेच संपतो. मास्टर, म्हणजे कंट्रोलर, आधीचाच बिट पकडतो: एमपीयू-६००० च्या ओळख-रजिस्टरमध्ये हेक्स ६८ ऐवजी ३४ किंवा बी४. असं फक्त जास्त वेगाला दिसलं तर दोष वेळेचा; १ मेगाहर्ट्झलाही दिसलं तर एसपीआय मोड (क्लॉकच्या कोणत्या कडेला डेटा वाचायचा ते ठरवणारी सेटिंग) चुकलाय. डिझाइनवेअर आणि रॉकचिपच्या कंट्रोलरवर नमुना घेण्याची वेळ नॅनोसेकंदांत पुढे ढकलता येते, म्हणून वेग कमी करण्याआधी ते करून पाहा.

आयटूसीचा वेग कंट्रोलरच्या नोडमध्ये, म्हणजे पूर्ण बससाठी एकच. एक १०० किलोहर्ट्झची चिप असली की सगळ्यांना तिच्या चालीने चालावं लागतं. ४०० किलोहर्ट्झला सिग्नल चढायला ३०० नॅनोसेकंदांहून जास्त लागता कामा नयेत. चढण्याचा वेळ म्हणजे ०.८४७ गुणिले पुल-अप (लाइन वर खेचणारा रेझिस्टर) गुणिले बसची कपॅसिटन्स. १०० पिकोफॅरडवर ४.७ किलोओहमने ३९८ नॅनोसेकंद होतात, २.२ किलोओहमने १८६. सगळीकडे आढळणारा ४.७ किलोओहमचा पुल-अप इथे नापास होतो आणि लोक उगाच ड्रायव्हर उलटापालटा करत बसतात. मात्र ३.३ व्होल्टवर १ किलोओहमच्या खाली जाऊ नका. ३ मिलिअँपिअरच्या मर्यादेत चिपला लाइन पुरेशी खाली ओढता येत नाही.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची सर्रास होणारी चूक: प्रोबमध्ये (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडला जाताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) मूळ क्लॉक एकदा वाचून तोच आकडा कायम वापरणं. वीज वाचवताना मूळ क्लॉक बदलला की भाजक तोच राहतो आणि बसचा वेग सरकतो. भाजक प्रत्येक ट्रान्सफरला काढा, किंवा क्लॉक फ्रेमवर्कच्या ‘रेट एक्सक्लुझिव्ह गेट’ने दर बांधून ठेवा. शंका आली तर डीबगएफएसमधली (कर्नलची अंतर्गत माहिती दाखवणाऱ्या फाइल सिस्टिममधली) क्लॉक समरी लोड असताना आणि नसताना अशी दोनदा पाहा.