भाजल्याच्या व्रणावर ‘लेझर’चे पॅकेज: पैसे नक्की कशाचे घेतले जातात

डिचोली तालुक्यातल्या एका महिलेच्या हातावर चवथीच्या नेवऱ्या तळताना कढईतले तेल सांडले. कोपरापासून मनगटापर्यंत हात पोळला. जखम भरली, पण व्रण लाल, जाड आणि खाजरा झाला. फेब्रुवारीत किनारपट्टीवरच्या एका सौंदर्य क्लिनिकने तिला ‘लेझर’चे पॅकेज विकले. पंधरा दिवसांनी एक अशा दहा सिटिंग, ६०,००० रुपये आगाऊ, हप्त्यांची सोयही तिथेच. पावसाळा लागेपर्यंत व्रणाची लाली उतरली होती. जाडी मात्र तेवढीच, कडेच्या चांगल्या कातडीवर आयताकृती काळे पट्टे उमटलेले, आणि कोपर पूर्ण सरळ होईना.

लाली उतरली ती यंत्रामुळे, असे तिला सांगण्यात आले. फसवणुकीचे मूळ इथेच आहे. भाजल्याचा व्रण पहिले काही महिने लाल होत, फुगत जातो आणि साधारण ६ ते १८ महिन्यांत आपोआप फिकट, मऊ होत जातो. पाचव्या महिन्यात पॅकेज सुरू करून दहाव्या महिन्यात संपवले, तर मधल्या काळात काहीही न करताही लाली कमी दिसण्याची शक्यता मोठी असते. म्हणून नुसत्या रंगावर विश्वास ठेवू नये. व्रणाची जाडी, त्याची लांबी-रुंदी, सांधा किती अंशांत वाकतो-सरळ होतो आणि खाज किती, हे पहिल्या दिवशी मोजून कागदावर लिहून घ्यावे.

फोटोंनीही नजर फसते. आधीचा फोटो कडेच्या उजेडात आणि हात खाली सोडून काढला की सावली पडून व्रण उंच दिसतो, रक्त उतरून तो लालही होतो. नंतरचा फोटो समोरून फ्लॅश मारून, हात वर धरून काढला की दोन्ही गायब. त्याच जागी, त्याच उजेडात, मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटोच धरायचा.

तिच्यावर वापरलेले यंत्र लेझर नव्हतेच. ते आयपीएल, म्हणजे ५०० ते १२०० नॅनोमीटरच्या मिश्र प्रकाशाचा झोत, आणि हँडपीस केस काढण्याचा. सावळ्या कातडीत वरच्या थरातले मेलॅनिन हे रंगद्रव्य हा प्रकाश आधी शोषते, त्यामुळे पृष्ठभागच भाजतो. त्यात फेब्रुवारी ते मे गोव्याचे ऊन. रापलेल्या हातावर तोच जोर लावला की हँडपीसच्या काचेच्या आकाराचे चौकोन उमटतात. हे पट्टे पाहिले की यंत्र कोणत्या प्रकारचे होते याचा अंदाज येतो.

खरा उपचार कसा ओळखायचा? लालीसाठी वापरतात तो पल्स्ड डाय लेझर ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटरचा. नेहमीच्या मात्रेत त्यानंतर जांभळे वळ उठतात, ते आठवडा-दीड आठवडा राहतात. तो मिलिमीटर-दोन मिलिमीटरच आत पोचतो, यंत्र महाग आहे आणि सगळीकडे नसते. जाड, आखडलेल्या व्रणासाठी फ्रॅक्शनल सीओटू लेझर, १०,६०० नॅनोमीटर. त्याआधी भूल देणारी क्रीम सुमारे तासभर लावून ठेवतात, नंतर जाळीसारखे बारीक ठिपके, थोडे रक्त, मग खपली. दोन सिटिंगमध्ये निदान ४ ते ८ आठवडे, अनेकदा त्याहून जास्त अंतर लागते, कारण कातडीला नवे कोलॅजन रचायला वेळ हवा. ‘दर पंधरा दिवसांनी या’ असे सांगणारा बहुधा हे दोन्ही वापरत नाही, असे समजायला हरकत नाही. लाल एलईडीचा दिवा तर काहीच जाणवू देत नाही. त्याने जुना जाड व्रण सपाट होत नाही.

व्रण मूळ जखमेच्या हद्दीबाहेर पसरत असेल तर तो केलॉइड. त्यावर नुसते लेझर मारल्यास तो पुन्हा, कधी अधिक मोठा, उगवतो. तिथे ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने आधी किंवा सोबत लागतात.

पैशांपेक्षा मोठे नुकसान मात्र दुसरेच झाले. ‘लेझर चालू आहे, आता पट्ट्या नकोत’ म्हणून तिचे प्रेशर गारमेंट (व्रण दाबून ठेवणारा घट्ट कपडा) आणि व्यायाम बंद करवले गेले. गारमेंट दिवसाचे २३ तास, सहा महिने ते वर्षभर घालायचे असते, सिलिकॉन शीट रोज १२ तासांहून जास्त. सांध्यावरचा व्रण आखडतो तो याच महिन्यांत. एकदा कोपर अडकले की झेड-प्लास्टी (आखडलेला व्रण सैल करणारी शस्त्रक्रिया) किंवा कातडीचे रोपण करावे लागू शकते. म्हणून सांध्यावर, मानेवर, पापणीजवळ व्रण असेल तर आधी प्लास्टिक सर्जनला दाखवा. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) प्लास्टिक सर्जरी आणि त्वचारोग हे दोन्ही विभाग आहेत.

पैसे देण्याआधी यंत्राचे नाव, तरंगलांबी, मात्रा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक लिहून मागा. छोट्या जागेवर चाचणी करून निदान चार आठवडे थांबा, काळे डाग उशिरा उमटतात. पैसे सिटिंगगणिक द्या. हप्त्यांच्या कर्जात कंपनी क्लिनिकला एकरकमी पैसे देऊन मोकळी होते, तुम्ही जाणे थांबवले तरी हप्ता कापला जातोच.

फसलाच असाल तर नोंदी लेखी मागा. नोंदणीकृत डॉक्टरने त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत जावे लागते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रारीत ‘गुण आला नाही’ एवढेच लिहू नका, तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. कोणते यंत्र वापरले ते सांगितले नाही, चाचणी केली नाही, गारमेंट बंद करायला लावले, असे तारखांसह लिहा आणि पावत्या, मेसेज, फोटो जोडा.