सोसायटीत गमी कँडीची ‘चवचाचणी’ आली तर आधी हे वाचा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये शिबिरांच्या मागोमाग स्टॉल येतात. पापड-लोणची, पुस्तकं, अबॅकसवाले. आमच्याकडे कोथरूडला यंदा नवाच प्रकार आला: ‘ॲलर्जी-फ्रेंडली ऑरगॅनिक गमी’ची मुलांकडून चवचाचणी. ‘विक्री नाही’ असं पत्रकात ठळक छापलेलं. मुलांनी रंगीबेरंगी गमी चाखायच्या, तक्त्यावर हसरा किंवा रडका चेहरा चिकटवायचा आणि ‘ज्युनिअर परीक्षक’ असं प्रमाणपत्र घेऊन घरी जायचं. कमिटीने हॉल फुकट दिला. एरवी सतरंजीचंही भाडं घेणारी आमची कमिटी, पण मुलांसाठी म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

माझ्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे. त्यामुळे त्याने काही तोंडात टाकण्याआधी मी टेबलावरच्या बाईंना विचारलं, यात दूध आहे का? “मॅडम, एकदम लॅक्टोज-फ्री!” हे उत्तर नीट ऐका, कारण पुढेही तुम्हाला ते कुणीतरी देणार आहे. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. ती ज्यांना पचत नाही त्यांचं पोट बिघडतं. ॲलर्जी असते ती दुधातल्या प्रथिनांची, केसीन आणि व्हे यांची. लॅक्टोज काढलेल्या दुधात ही प्रथिनं जशीच्या तशी असतात. ऑरगॅनिकचंही तेच. सेंद्रिय चारा खाल्लेल्या गाईचं दूधही शेवटी दूधच.

म्हणून मी पाकीटच मागितलं. मागे छापील यादी होती: साखर, फळांचा रस, पेक्टिन, सायट्रिक ॲसिड. गमीला घट्टपणा आणणारं पेक्टिन संत्र्या-लिंबाच्या सालींतून आणि सफरचंदाच्या चोथ्यातून काढतात, त्यात दुधाचा संबंध नाही. गमीही काचेसारखी आरपार दिसणारी. मुलाने खाल्ली, त्याला काही झालं नाही, हसरा चेहरा चिकटला.

‘विक्री नाही’ हे प्रमाणपत्रं वाटून होईपर्यंतच टिकलं. मग ‘समर बॉक्स’ निघाला, २,४०० रुपये, दर आठवड्याला घरपोच, सवलत फक्त आजच. आपल्याच पोराने पास केलेल्या डब्याला त्याच्यादेखत नाही म्हणणं जड जातं, आणि सगळा बेत त्यावरच उभा होता. क्यूआर कोड स्कॅन केला की कंपनीचं नाव न येता कुणा एका व्यक्तीचं नाव येत होतं. एका काकांनी विचारलं तेव्हा “अकाउंट बदलायचं काम सुरू आहे” असं सांगितलं गेलं.

डबे आधी शेजारच्या काकूंकडे आले. त्यांनी माझ्या मुलाला एक गमी दिली. त्यांचं काही चुकलं नाही, सगळ्यांसमोर त्याने तीच तर खाल्ली होती. थोड्याच वेळात त्याचे ओठ सुजले आणि अंगभर गांधी उठल्या. आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध देऊन थेट हॉस्पिटल गाठलं, संध्याकाळपर्यंत देखरेखीखाली ठेवलं. आता बरा आहे. मात्र श्वास लागत असेल, आवाज घोगरा झाला असेल, मूल मलूल पडत असेल तर ॲलर्जीच्या गोळीवर विसंबून घरी थांबू नका. तेव्हा ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शनच लागतं.

घरी आल्यावर काकूंचा डबा नीट पाहिला. पुढची बाजू हॉलमध्ये दाखवलेल्या पाकिटासारखीच. मागे मात्र छपाईच्या जागी स्टिकर, आणि गमीला खालून पांढरा, दह्याच्या चवीचा थर. स्टिकर वाफेवर धरला तसा सुटून आला. खाली मूळ लेबल होतं: दूध पावडर, जिलेटिन, रंग आयएनएस १२२, म्हणजे कार्मोइसिन हा कृत्रिम लाल रंग. कुठूनतरी ठोकात उचललेल्या मालावर स्वतःचा कागद चिकटवलेला. हिरव्या ठिपक्याच्या स्टिकरखाली मांसाहाराचं तपकिरी चिन्ह होतं, कारण जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात.

खरं सांगायचं तर माझ्या मुलाच्या सुजलेल्या ओठांनी सोसायटीत जेवढा गहजब झाला नाही, तेवढा या जिलेटिनने झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी ‘फळांचा रसच आहे’ म्हणून एकादशीला खाल्ली होती. आता हॉल फुकट कुणी दिला याची चौकशी सुरू आहे.

जिलेटिन ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. ते साधारण ३५ अंशांना वितळायला लागतं, म्हणून मे महिन्यात त्या डब्यातल्या सगळ्या गमींचा एक गोळा झाला होता. पेक्टिनची गमी उन्हात टिकते आणि दाताखाली पटकन तुटते, रबरासारखी ताणली जात नाही. दुधाबद्दल मात्र यातून काहीच कळत नाही, आणि चवीवरून तर नाहीच.

परवाना क्रमांकही तपासला. एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांक १४ आकडी असतो, १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने सुरू झाला तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. ‘फॉसकॉस’ या सरकारी पोर्टलवर तो टाकला की नाव दिसतं. आमच्या डब्यावरचा क्रमांक खरा होता, फक्त दुसऱ्याच कुणाचा, चहा-नाश्त्याच्या व्यवसायाचा. ‘१०० टक्के ऑरगॅनिक’च्या शेजारी एक हिरवं पान होतं, पण प्रमाणित सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह नव्हतं. लहान शेतकरी स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकतो तेव्हा त्याला सूट आहे, अशा डबाबंद ब्रँडला नाही. आणि ‘ॲलर्जी-फ्रेंडली’ला कायद्यात कसलंच मोजमाप नाही. कायदा मागतो ती उलटी गोष्ट: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे आणि काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन, ग्लूटेन असलेली धान्यं, ठरावीक प्रमाणावर सल्फाइट, यांपैकी जे असेल ते लेबलवर वेगळं लिहायचं. ती ओळ शोधा, पुढचं गोड लिखाण सोडून द्या.

बॉक्स विकणाऱ्यांना फोन लागला तेव्हा पलीकडून उत्तर आलं, “पण मुलांना तर आवडलं होतं ना? फॉर्म आहेत आमच्याकडे.” त्यानंतर नंबर बंद. अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकांवर तक्रार केली आहे, न उघडलेली पाकिटं अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे दिली आहेत. चुकीच्या लेबलला ३ लाखांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आमचे २,४०० अजून आलेले नाहीत.

त्या फॉर्मबद्दल एक राहिलं. मुलाचं नाव, वय, आईचा मोबाइल, आणि ‘मुलाला कशाची ॲलर्जी आहे?’ असा रकाना त्यात होता. आता मला रोज कुणीतरी दुधाची ॲलर्जी ‘मुळापासून’ घालवणारं सिरप विकायला फोन करतं, मुलाचं नाव घेऊन. तुमच्याकडेही असे फोन येत असतील तर नंबर लिहून ठेवा, आणि डबे पडून असतील तर स्टिकर न काढता जपून ठेवा. तक्रारीला ते लागतील.